मौन कोणी पाळायचं?

डेव्हिड ह्यूमने १७५१ साली नीतितत्त्वांवरच्या आपल्या ग्रंथात मठवाल्यांच्या सद्गुणांची यादी दिली आहे. ब्रह्मचर्य, उपास, प्रायश्चित्त, देहदंड, नम्रता. आणि त्याच रांगेत मौन आणि एकांत. शहाणीसुरती माणसं हे सगळं का धुडकावतात, याचं त्याने दिलेलं कारण अगदी रोकडं आहे. यातून माणसाची भरभराट होत नाही, समाजाला त्याचा उपयोग होत नाही, चार लोकांत बसल्यावर त्याची संगतही सुखाची होत नाही. उलट बुद्धी बोथट होते, मन कठोर होतं, स्वभाव आंबतो. तेव्हा ही यादी सद्गुणांच्या रकान्यातून काढून दुर्गुणांच्या रकान्यात टाकावी, असा त्याचा निकाल.

ह्यूम हा सरळ विरोधक आहे. मौन देवाला आवडतं की नाही या वादात तो शिरतच नाही. उपयोग काय ते दाखवा, एवढंच म्हणतो. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींत मौनाविरुद्ध जे बोललं जातं ते त्यामानाने गोंधळलेलं असतं. कोणी म्हणतं, आपला धर्म शब्दाचा, गप्प बसण्याचा नव्हे. कोणी म्हणतं, ध्यान-मौन हे झेनवाल्यांचं आणि योगवाल्यांचं, मागच्या दाराने आत आलेलं. आणि काही जण, बहुतेक करून ज्यांनी चर्चमध्ये काही सोसलं आहे ते, म्हणतात की चर्चचं मौन आम्हाला चांगलं माहीत आहे, त्याची थोरवी आम्हाला सांगू नका. पहिले दोन आक्षेप हलके आहेत. तिसरा जड आहे, आणि मौनावर भक्तिभावाने लिहिणारे लेखक नेमकी त्यालाच बगल देतात. माझं भांडण त्यांच्याशीही आहे.

शब्दाचा आक्षेप आधी घेऊ. त्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. बायबलच्या पहिल्याच पानावर देव बोलतो आणि सृष्टी होते. योहानाचं शुभवर्तमान शब्दापासूनच सुरू होतं. पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्यांची तोंडं उघडतात. मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे वेगळं पटवावं लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती भजन-कीर्तनात ओतली. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृतीची लाट आली, तेव्हा शेकडो बायका-मुली एकाच वेळी, मोठ्याने, रडत प्रार्थना करत होत्या. त्यांत बालविधवा होत्या, दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या. आवाज चढवायची मुभाच ज्यांना कधी मिळाली नव्हती अशा या बायका. ‘शांत बसा, देव मौनात भेटतो’ असं त्या वेळी त्यांना कोणी ऐकवलं असतं, तर ते पाप झालं असतं. हे मी मनापासून म्हणतो, आणि याचा धागा पुढे लागेल.

पण शब्दाचा धर्म म्हणजे अखंड बोलत राहण्याचा धर्म, हे कुठून आलं? बायबलात तरी ते नाही. ईयोबाची गोष्ट घ्या. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले. तीन मित्र समाचाराला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी अवाक्षर काढत नाही, कारण दुःख केवढं आहे ते त्यांना दिसत असतं. मग ते तोंड उघडतात. पुढचे वीसेक अध्याय ते जे बोलतात त्यात धर्माच्या दृष्टीने चुकीचं असं काही सापडणं कठीण आहे: देव न्यायी आहे, पापाचं फळ मिळतं, तुझ्या हातून काहीतरी घडलंच असणार. शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा राग या धर्मशुद्ध व्याख्यानांवर असतो. तळमळून देवाशी भांडणारा ईयोब बरोबर ठरतो आणि देवाची वकिली करणारे चूक. त्या मित्रांनी केलेली एकमेव चांगली गोष्ट म्हणजे ते सात दिवस. आपल्याकडे मयताच्या घरी ‘देवाला तो जास्त प्रिय होता’ असं सांगत बसणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा पुन्हा वाचावं.

एलीयाची गोष्ट तर मौनवाले आणि मौनविरोधी दोघेही अर्धीच सांगतात. होरेब डोंगरावर वारा सुटतो, भूकंप होतो, आग येते, आणि देव त्यांत नसतो. मग सगळं निवतं आणि तिथे एलीयाला देव भेटतो. प्रवचनं इथेच थांबतात. पुढच्या ओळी मात्र ध्यानवर्गाच्या पत्रकावर छापण्यासारख्या नाहीत. त्या शांततेतून एलीयाला आधी प्रश्न येतो, तू इथे काय करतो आहेस? आणि मग आदेश: परत जा, दमास्कसला हजाएलचा राज्याभिषेक कर, इस्राएलावर येहूचा कर, तुझ्या जागी अलीशाला नेम. म्हणजे दोन राज्यांतले सत्ताबदल आणि स्वतःचा वारस. जिवाच्या भीतीने पळालेल्या माणसाला त्या शांततेने पुन्हा राजकारणाच्या मध्यात नेऊन सोडलं.

येशूचंही तेच. मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमला सगळं गाव दाराशी लोटलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात जातो. शिमोन शोधत येतो: सगळे तुम्हाला शोधताहेत. कोणत्याही प्रचारकाला याहून गोड वाक्य ऐकायला मिळणार नाही. येशू उत्तर देतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. गर्दीला नाही म्हणण्याचं बळ त्या पहाटेत आलं. बारा प्रेषित निवडण्याआधीची रात्र तो डोंगरावर काढतो, आणि हेरोदासमोर, ज्याला फक्त एखादा चमत्कार बघायची हौस आहे, एक शब्दही बोलत नाही.

आणि कॅथलिकांसाठी एक आठवण. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात लोकांचा सहभाग कसा असावा ते सांगितलं: प्रतिसाद, स्तोत्रं, गीतं, हालचाली, आणि त्याच परिच्छेदात, योग्य वेळी पवित्र मौन. मौनाची गणना तिथे सहभागात आहे. आपण त्या परिच्छेदातलं सगळं घेतलं आणि एवढं सोडलं. ख्रिस्तप्रसादानंतर दोन मिनिटं कोणी काही न करता बसलं की आमच्याकडे ऑर्गनवाल्याला आपण काहीतरी विसरलो असं वाटतं.

‘हे बाहेरचं आहे’ या आक्षेपाला फार जागा देण्याची गरज नाही. इजिप्तच्या वाळवंटात तिसऱ्या-चौथ्या शतकात जे लोक गेले त्यांनी झेनचं नावही ऐकलेलं नव्हतं. बोलण्यावर ताबा यावा म्हणून अब्बा अगाथोन तीन वर्षं तोंडात दगड धरून राहिले अशी तिथली आठवण आहे. मठवाल्यांचे संत अंतोनी (वसईत ज्यांची नोव्हेना होते ते पादुआचे, हे त्यांच्या कितीतरी आधीचे) वीस वर्षं एका पडक्या गढीत एकटे होते. चौदाव्या शतकात कॅलाब्रियाच्या बार्लामने अॅथॉस डोंगरावरच्या मौनी साधूंची ‘यांचा आत्मा बेंबीत राहतो’ अशी टर उडवली, तेव्हा ग्रेगरी पालामासने त्यांची बाजू मांडली आणि १३४१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने बार्लामलाच दोषी ठरवलं. म्हणजे हा वादही घरचाच, जुना. आपल्याकडे अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लोने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, पुढे तो पुण्यात आला. अँथनी डि’मेलो या येशूसंघीय धर्मगुरूने १९७८ च्या आपल्या ‘साधना’ या पुस्तकाची सुरुवातच मौनाच्या पाठाने केली. यांनी बैठक इथली घेतली, श्वासाकडे लक्ष देणं इथलं घेतलं, आणि घेतलं ते उघडपणे घेतलं. व्हॅटिकनने १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानावर पत्र काढून पूर्वेकडच्या पद्धतींबद्दल इशारे दिले, पण त्यांतलं चांगलं घ्यायला बंदी केली नाही. शेजाऱ्याकडून चटई आणली म्हणून प्रार्थना शेजाऱ्याची होत नाही.

आता ह्यूमकडे. उपयोग दाखवा, हे त्याचं आव्हान मी जसंच्या तसं घेतो, आणि त्याच्याच काळातलं, त्याच्याच भाषेच्या जगातलं उदाहरण देतो.

सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या भोवती जमलेल्या फ्रेंड्सनी, म्हणजे क्वेकरांनी, उपासनेतून जवळजवळ सगळंच काढून टाकलं. धर्मगुरू नाही, वेदी नाही, ठरलेलं प्रवचन नाही, गाणं नाही. माणसं एका साध्या खोलीत बाकांवर बसतात आणि गप्प राहतात. आत्म्याने प्रेरणा दिली तर कोणीही उठून बोलावं, बाईनेही. नाही दिली तर तासाभराने उठून घरी जावं. मौनाला इतका मध्यवर्ती मान ख्रिस्ती इतिहासात क्वचितच कोणी दिला असेल. ह्यूमच्या निकषाने या लोकांनी समाजाच्या काहीच कामी यायला नको होतं.

न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीचा जॉन वूलमन हा त्यांच्यातला एक शिंपी. तरुणपणी तो एका दुकानात लिहिण्याचं काम करत असे. मालकाने एक दिवस एका काळ्या बाईचं विक्रीखत लिहायला सांगितलं. त्याने ते लिहिलं, पण मन खाऊ लागलं आणि मालकाला व गिऱ्हाइकाला त्याने तिथेच सांगितलं की गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असं मला वाटतं. पुढे गुलामांची वाटणी करणारी मृत्युपत्रं लिहायला तो नकार देऊ लागला. १७५४ मध्ये त्याचं गुलामगिरीविरुद्धचं पुस्तक छापलं गेलं. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत हा विषय आला तेव्हा बराच वेळ तो गप्प बसून होता. चर्चा नेहमीप्रमाणे ‘थोडं थांबू, काळ अनुकूल होऊ द्या’ याकडे झुकू लागल्यावर तो उठला आणि म्हणाला की आपल्या काही लोकांच्या फायद्याकडे बघून आपण टाळाटाळ करतो आहोत, आणि देव या लोकांचा आक्रोश ऐकतो आहे. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कारभारातून दूर ठेवायचं आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन त्यांना समजवायचं, असं त्या सभेत ठरलं. १७७६ मध्ये गुलाम सोडायला तयार नसलेल्या सभासदांना संघाबाहेर काढायचा निर्णय झाला. १७८७ मध्ये लंडनला गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी जी समिती स्थापन झाली तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते.

वूलमनचं पुस्तक निघण्याच्या सुमाराला ह्यूमने काय केलं? राष्ट्रांच्या स्वभावावरच्या आपल्या निबंधाला त्याने एक तळटीप जोडली: काळे लोक गोऱ्यांपेक्षा जात्याच हलके असावेत असा मला संशय आहे. न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की प्राचीन काळच्या गुलामगिरीवर त्याने दुसरीकडे टीका केलेली आहे. पण मौनाने बुद्धी बोथट होते आणि मन कठोर होतं हे ज्याचं म्हणणं, त्याच्या टेबलावरून ती तळटीप निघाली. आणि मौनी शिंप्याच्या टेबलावरून काय निघालं ते वर आलंच आहे. उपयोगाची कसोटी ह्यूमची, निकाल वाचकाने द्यावा.

इथे थांबलो तर मीही भक्तिभावाने लिहिणाऱ्यांत जमा होईन. कारण क्वेकरांची ही गोष्ट एवढी सरळ नाही. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या काही फ्रेंड्सनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध दिला तो १६८८ मध्ये. हे प्रकरण फार जड आहे म्हणून एका सभेने तो वरच्या सभेकडे पाठवला, तिने त्याच्या वरच्या, आणि सगळ्यांत वरच्या सभेने त्यावर निकाल न देताच तो बाजूला ठेवला. कागद दप्तरात गेला. सत्तर वर्षं! त्या काळात अनेक प्रतिष्ठित क्वेकर गुलाम बाळगून होते आणि दर रविवारी शांतपणे बाकावर बसत होते. बेंजामिन ले हा जेमतेम चार फुटांचा, पाठीला पोक असलेला माणूस त्यांना शांत बसू देईना. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत त्याने कोरलेल्या पुस्तकात लपवलेली लाल रसाची पिशवी तलवारीने भोसकली आणि आजूबाजूच्या गुलाममालकांवर तो रस रक्तासारखा उडवला. त्याला उचलून बाहेर नेण्यात आलं आणि पुढे संघातूनही काढण्यात आलं. १७५८ चा निर्णय झाल्याची बातमी त्याने मरणाआधी ऐकली, एवढंच.

मौनाच्या विरोधकाला याहून चांगला पुरावा मिळणार नाही, म्हणून तो मीच देतो. सत्तर वर्षांचं ते शांत बसणं आणि १७५८ मधलं वूलमनचं शांत बसणं वरून बघणाऱ्याला सारखंच दिसलं असतं. फरक आहे तो कोण कोणाला गप्प करत होतं यात. गुलाममालकांनी जर्मनटाउनच्या कागदाला आणि लेच्या आरडाओरड्याला गप्प केलं. वूलमनने स्वतःला गप्प केलं, आपलं म्हणणं हा आपला राग आहे की आणखी काही, हे पारखून घेण्यासाठी. आणि मग ज्यांना त्या खोलीत बाक मिळालेलं नव्हतं त्यांच्या बाजूने बोलला. ख्रिस्ती मौनाचं सारं मोल मला या फरकात दिसतं. ज्याच्या हातात व्यासपीठ आहे त्याने ते स्वतःवर घालून घ्यायचं असतं. ज्याच्याकडे व्यासपीठ नाही त्याच्यावर ते लादलं की मौनाची प्रार्थना राहत नाही, पोलीसगिरी होते.

हे माझं आधुनिक कलम नाही. संत बेनेडिक्टची सहाव्या शतकातली मठाची नियमावली पाहा. सहावा अध्याय बोलणं आवरण्यावर आहे. बेचाळिसावा सांगतो की रात्रीच्या प्रार्थनेनंतर कोणी बोलू नये. पण त्या दोन्हींच्या आधी तिसरा अध्याय येतो: काही महत्त्वाचं ठरवायचं असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं आणि प्रत्येकाचं ऐकावं, कारण जे जास्त चांगलं ते देव पुष्कळदा सगळ्यांत धाकट्याला दाखवतो. मठात मौन असतं म्हणून त्या धाकट्याचा आवाज ऐकू येतो. पण सगळं ऐकूनही निर्णय मठाधिपतीचाच, हे बेनेडिक्टने लिहून ठेवलंय. लोकशाहीची स्वप्नं सहाव्या शतकावर लादायची नाहीत.

पौलाचंही पाहा. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं म्हटलं आहे, आणि दोन हजार वर्षं ते वाक्य बायकांच्या डोक्यावर आपटलं गेलं आहे. त्याच अध्यायात, त्याच्या थोडं वर, आणखी दोघांना गप्प बसायला सांगितलं आहे. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषांत बोलणाऱ्याने, आणि शेजारी बसलेल्याला काही प्रकट झालं तर बोलत असलेल्या संदेष्ट्याने. म्हणजे उपासनेत सर्वाधिक बोलणाऱ्यांनी. तीन आज्ञांपैकी चर्चला पाठ राहिली ती एक, जी दुबळ्यावर चालवता येत होती. त्यात भर म्हणजे त्याच पत्राचा अकरावा अध्याय बायका मंडळीत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे धरूनच चालतो. इतक्या वर्षांत कोणत्या संदेष्ट्याला शेजाऱ्यासाठी मध्येच थांबवलेलं मी पाहिलेलं नाही.

आता तो जड आक्षेप. १९७५ मध्ये आयर्लंडात ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूने केलेल्या अत्याचाराबद्दल दोन मुलांची चर्चच्या चौकशीत जबानी घेतली गेली आणि कोणाला काही सांगणार नाही अशी शपथ त्यांच्याकडून सहीनिशी घेण्यात आली. स्मिथ त्यानंतरही कित्येक वर्षं मोकळा होता. २००२ मध्ये बॉस्टनची प्रकरणं उघडी पडली, २००९ मध्ये आयर्लंडचे दोन मोठे अहवाल आले, २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने १९५० पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांनी अत्याचार केलेल्या अल्पवयीनांचा अंदाज २,१६,००० वर नेला. अशा प्रकरणांवर असलेला व्हॅटिकनचा गोपनीयतेचा नियम पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये उठवला. म्हणजे एकविसाव्या शतकाची एकोणीस वर्षं उलटेपर्यंत तो लागू होता.

यावर मौनाचे भक्त म्हणतात, ते मौन वेगळं, हे आध्यात्मिक मौन वेगळं. असं म्हणून सुटका होत नाही. कारण याहून वाईट प्रकरण आध्यात्मिक मौनाच्या गाभ्यातलंच आहे. थॉमस फिलिप हा डोमिनिकन धर्मगुरू ध्यानमार्गाचा मोठा मार्गदर्शक मानला जाई. त्याचा शिष्य जाँ व्हानिए याने बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसोबत राहण्यासाठी लार्श ही संस्था काढली, तिची घरं आपल्या देशातही आहेत. फिलिपला रोमने १९५६ मध्येच शिक्षा केली होती. व्हानिएच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, संस्थेनेच करून घेतलेल्या चौकशीतून बाहेर आलं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यानेही बायकांचं शोषण केलं होतं. गूढ कृपा, विशेष ऐक्य, आणि याबद्दल कोणाशी बोलायचं नाही. शब्द सगळे साधनेचे होते. ज्यांनी व्हानिएची पुस्तकं वाचून प्रार्थना केल्या त्यांना हा धक्का अजून पचलेला नाही, आणि पचू नये.

या आक्षेपाला माझं उत्तर असं की तो पूर्ण खरा आहे आणि तो माझ्याच बाजूला पडतो. या प्रत्येक प्रकरणात कोण गप्प होतं? मुलं, बायका. आणि कोण बोलत होतं? फिलिप अखंड बोलत होता: मार्गदर्शन, प्रवचनं, पत्रं. चौकशी करणारे बोलत होते, शपथांचे मसुदे लिहीत होते. बिशपांची पत्रकं निघत होती. चर्चमध्ये मौन फार होतं असं म्हणणं म्हणजे ज्यांचं तोंड दाबलं त्यांच्या नि:शब्दतेचं श्रेय दाबणाऱ्यांना देणं. खरोखर देवापुढे गप्प बसायची सवय असलेला बिशप त्या मुलांच्या समोर ईयोबाच्या मित्रांसारखा सात दिवस बसला असता, आणि आठव्या दिवशी पोलिसांकडे गेला असता. धर्मप्रांताची अब्रू सांभाळणारा मसुदा सुचण्यासाठी डोक्यात सतत आवाज चालू असावा लागतो.

कोणी म्हणेल, ही सोयीची व्याख्या झाली. चांगलं ते मौन आणि वाईट ते गोंगाट. सोयीची असती तर तिने मला आवडणाऱ्या लोकांना सोडलं असतं. ती मौनी क्वेकरांना सत्तर वर्षांसाठी दोषी ठरवते. एकांतात गेलेल्यांनाही ती हाच प्रश्न विचारते, आणि त्यांच्यातले पुष्कळ त्या कसोटीला उतरतात. ३११ मध्ये मॅक्सिमिनच्या छळाच्या वेळी संत अंतोनी वाळवंट सोडून अलेक्झांड्रियात आले आणि खटल्याच्या वेळी ख्रिस्ती कैद्यांना उघडपणे धीर देत उभे राहिले. लंडनच्या चार्टरहाउस मठाचे कार्थुसियन साधू, ज्यांच्या संघात मोकळ्या बोलण्याला फार थोडी जागा होती, त्यांना १५३५ मध्ये आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख मानता का, असं विचारलं गेलं. प्रायर जॉन हाउटनने तीन दिवस प्रार्थनेला दिले. पहिल्या दिवशी सगळ्यांचं पापनिवेदन. दुसऱ्या दिवशी तो स्वतः प्रत्येक साधूपुढे गुडघे टेकून क्षमा मागत गेला. तिसऱ्या दिवशी पवित्र आत्म्याची मिस्सा. मग त्याने नाही म्हटलं. ४ मे १५३५ रोजी टायबर्नला त्याला फाशी दिलं गेलं आणि देहाचे तुकडे करण्यात आले. पुढच्या पाच वर्षांत या संघाचे एकूण १८ जण गेले, काही फासावर, काही न्यूगेटच्या तुरुंगात साखळदंडांत उपाशी. देशातले बहुतेक बोलके बिशप त्या वेळी सह्या करून मोकळे झाले होते. दुसऱ्या दिवशीच्या त्या गुडघे टेकण्याकडे माझं लक्ष पुन्हापुन्हा जातं. मठातला सर्वांत अधिकारी माणूस सर्वांत खाली गेला, आणि मगच ते ‘नाही’ सगळ्यांचं होऊ शकलं.

ट्रॅपिस्ट साधू थॉमस मर्टनचं उदाहरण उलट बाजूने बोलकं आहे. केंटकीच्या मठात बसून तो अण्वस्त्रांविरुद्ध लिहीत होता. १९६२ मध्ये वरिष्ठांनी युद्ध-शांततेवर छापायला बंदी केली. साधूचं हे काम नव्हे असं त्यांचं मत. मौनाचं जीवन पत्करलेल्या माणसाला मौनाचाच हवाला देऊन गप्प करण्यात आलं. त्याने आज्ञा मानली, छापलं नाही, आणि आपली पत्रं चक्रमुद्रित प्रतींनी मित्रांत फिरवली. ती आज्ञा मोडायला हवी होती असं म्हणणारे आहेत. मला त्याच्या आज्ञाधारकपणापेक्षा वरिष्ठांच्या धाकाची जास्त चीड येते.

आणि डिट्रिख बोनहोफर. १९३५ मध्ये फिंकेनवाल्डला नाझींपासून वेगळ्या झालेल्या चर्चच्या उमेदवार पाळकांना शिकवताना त्याने रोज सकाळी अर्धा तास मौन चिंतन सक्तीचं केलं. विद्यार्थी कुरकुरले, कार्ल बार्थसारख्या थोर धर्मशास्त्रज्ञाला त्यात मठाचा वास आला, आणि त्याने तसं कळवलं. शब्दाच्या धर्माचा हा आक्षेप सर्वांत वजनदार माणसाकडून आलेला, म्हणून त्याची नोंद. १९३७ मध्ये गेस्टापोने ते विद्यालय बंद केलं आणि वर्षाअखेरीपर्यंत त्याच्या २७ माजी विद्यार्थ्यांना अटक झाली. ज्यूंसाठी ओरडत नसाल तर ग्रेगोरियन स्तोत्रं गाऊ नका, अशा अर्थाचं तो बोलल्याचं त्याच्या शिष्यमंडळींनी सांगितलं आहे. गाण्याबद्दल त्याने जे म्हटलं ते गप्प बसण्यालाही लागू व्हावं.

मग आज आपल्याकडे काय? भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे मान्य केलं. त्याआधी या विषयावर पाळली गेलेली शांतता कोणत्या जातीचे लोक पाळत होते आणि कोणाला पाळावी लागत होती, हे सांगायची गरज नाही. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या सिनडला, म्हणजे बिशपांच्या धर्मसभेला, मात्र एक प्रयोग झाला. आधी सगळ्यांना तीन दिवस तपसाधनेला बसवलं. मग सभागृहात गोल मेजं मांडली. एकाच मेजाभोवती कार्डिनल, बिशप, व्रतस्थ भगिनी, साधे प्रापंचिक. प्रत्येकाला बोलायला मोजकी मिनिटं, आणि काही जण बोलून झाले की सगळ्यांनी गप्प बसायचं, म्हणजे पुढच्या माणसाला आपलं उत्तर तयार करण्याऐवजी आधीच्याचं ऐकणं भाग पडावं. पहिल्यांदाच मतदानाचा हक्क मिळालेल्या ५४ बायका त्यात होत्या. त्यातून निघालेल्या निर्णयांवर मी फार खूश नाही. बायकांच्या दीक्षेचा प्रश्न पुढे अभ्यासगटाकडे सरकवला गेला, म्हणजे जर्मनटाउनच्या कागदाचीच वाट. पण मेजावर कार्डिनलला गप्प बसावं लागलं हे खरं. ही पद्धत आपल्या धर्मप्रांतांच्या सभांत उतरायला काही अडचण नाही, खर्च तर काहीच नाही. तूर्त आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत अध्यक्षांचं भाषण सुरुवातीला असतं, शेवटीही असतं, आणि मधल्या वेळात सभासदांनी थोडक्यात बोलावं अशी सूचना असते.